सोमवारची यादी

प्रिय ठकू,

तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि मी तुला पत्र लिहितो आहे, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं असं तुला वाटेल. तसं काही नाही. गुडघा बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो, गॅस बंद आहे का ते दोनदा बघतो. गुरुवारी समितीची बैठक संपल्यावर तू मला जिन्यापाशी गाठलंस आणि विचारलंस, बाबा, तुम्ही मत का बदललंत? मी म्हणालो, बस येईल माझी, आणि निघालो. बस यायला पंचवीस मिनिटं होती. ती सगळी मी थांब्यावर बसून काढली. परत वर जाऊन तुला सांगावं असं तीनदा मनात आलं, पण पाय उचलला नाही. तुझी आई म्हणायची, तुमच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली कुठे ठेवली ते तुम्हालाच आठवत नाही. म्हणून लिहितो. लिहिताना निदान बस येत नाही.

आधी बैठकीचं लिहितो, कारण ते लिहायला सोपं आहे. मी मागच्या बाकावर होतो, निवृत्त ग्रंथपाल आणि खांब यांच्या मध्ये. तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा ग्रंथपाल माझ्या कानाशी म्हणाले, ही तुमचीच ना? मी नुसती मान हलवली. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो ते इतक्या मोठ्याने की पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. सव्वीस वर्षं मी त्या कॉलेजात संगणकाच्या तारा सांभाळल्या, पण त्या खोलीत माझा आवाज कधी एवढा निघाला नव्हता.

तू फार सोपं करून सांगितलंस. संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण इंटरनेटवरच्या एखाद्या जागेचं नाव टाकलं की आधी एक प्रश्न चौकशीच्या खिडकीवर जातो, की या नावाचा पत्ता काय? तो प्रश्न आजवर उघडाच जातो. वाटेत जो कोणी कान देऊन उभा असेल त्याला ऐकू येतो आणि खिडकीतला माणूस तो वहीत लिहूनही ठेवतो. बावीसशे विद्यार्थी आणि सगळा नोकरवर्ग दिवसभर काय काय विचारतो याची ती वही. आता प्रश्न बंद पाकिटातून पाठवायचा आणि वही ठेवायची नाही, एवढंच तुझं म्हणणं. रसायनशास्त्राचे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, अहो बाई, ज्याच्या मनात काही नाही त्याने लपवायचं तरी काय? ते असं विचारणार हे मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी मीही तेच विचारलं असतं.

त्यावर तू ती गोष्ट सांगितलीस. एक बाई एका मोठ्या रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या होत्या. त्यांना ज्या विभागात जायचं होतं त्याचं नाव मागच्या दहा-बारा माणसांत मोठ्याने घ्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि काचेखालून सरकवलं. आतल्या माणसाने घडी उघडली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, कर्करोग विभाग, दुसरा मजला, डावीकडे! तू एवढंच सांगून थांबलीस. प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या बाई कोण, हे त्या खोलीत आपल्या दोघांनाच माहीत होतं. तेव्हा फाईल घेऊन शेजारी तूच उभी होतीस. जिना चढताना आई हसून म्हणाली होती म्हणे, चला, मला पत्ता लक्षात राहिला नाही तर आता बारा जणांना विचारता येईल.

पण ठकू, मला खरा अभिमान त्या गोष्टीचा वाटला नाही. गोष्ट चांगली सांगणारे पुष्कळ असतात. नंतर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी विचारलं, मग मुली काय बघतात ते आम्हाला कळणार कसं? तेव्हा तू गोड बोलून वेळ मारून नेली असतीस तरी चाललं असतं. तू म्हणालीस, नाही कळणार. एखाद्या संगणकाला व्हायरसची लागण झाली तर तेही आज कळतं त्याहून उशिरा कळेल, आणि तो उशीर कधीतरी महागात पडेल, हे लिहून घ्या आणि त्यावर माझी सही घ्या. प्राचार्यांचं पेन हवेत राहिलं. मग तू असंही सांगितलंस की पाकीट बंद केलं तरी खिडकीतल्या माणसाला ते उघडावंच लागतं, त्याशिवाय तो उत्तर काय देणार? म्हणजे सगळी पाकिटं बाहेरच्या एका बड्या कंपनीच्या खिडकीत नेऊन टाकली, तर आपल्याऐवजी ती कंपनी साऱ्या जगाचं वाचत बसेल. म्हणून खिडकी आपलीच हवी. घातक जागांची नावं खिडकीनेच अडवावीत, पण कोणी विचारलं ते लिहू नये. एवढं करूनही काही जणांचे ब्राउझर आपल्या डोक्यावरून परस्पर बाहेरच्या खिडकीत जातील, त्यांना आपण थांबवू शकणार नाही, हेही तू लपवलं नाहीस. बाजू मांडताना आपल्याच बाजूची भोकं दाखवणारं माणूस मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. माझी छाती भरून आली. मग प्राचार्यांनी मला उभं केलं, आणि मी माझं मागचं मत मागे घेतो एवढं म्हणून खाली बसलो. कारण सांगितलं नाही. ते आता सांगतो.

माझी सोमवारची यादी तुला आठवत असेल. कॉलेजच्या त्या वहीतली आठवड्याभराच्या प्रश्नांची यादी छापून घ्यायची, फूटपट्टी ओळीखाली धरायची आणि लाल पेन्सिलीने खुणा करत वाचायची. तू नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्या खोलीत येऊन बसायचीस. एकदा तू विचारलंस, बाबा, तुम्ही हे वाचता ते लोकांना माहीत आहे का? मी म्हणालो, त्यात वाईट काय आहे? तू म्हणालीस, मी ते नाही विचारलं. मी तुला खोडरबर दिलं आणि चित्र काढायला बसवलं.

यादी वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. परीक्षा विभागाच्या एका संगणकावरून शनिवार-रविवारी, खोलीला कुलूप असताना, एकाच नावाची नऊ हजार वेळा चौकशी झाली होती. ते नावही धड नव्हतं, मांजर कळफलकावरून चालत गेल्यासारखी अक्षरं. म्हणजे आत शिरलेलं काहीतरी बाहेर निरोप धाडत होतं. मी धावत गेलो आणि तार उपटली. त्या संगणकात वर्षाच्या प्रश्नपत्रिका होत्या. फूटपट्टी नसती तर त्या गावभर झाल्या असत्या. त्याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अजून सात मिनिटं पुढे आहे. तुझी आई आल्यागेल्याला सांगायची, यांना अख्ख्या कॉलेजचे प्रश्न पाठ आहेत, फक्त घरात मीठ कुठे आहे ते माहीत नाही.

ती सवय मी घरी आणली ही माझी चूक. माझ्यासारख्यालाच सुचावी अशी. जाहिराती अडवायला म्हणून मी घरासाठी एका जुन्या यंत्रावर छोटी खिडकी चालवत होतो, आणि खिडकी आहे तर वही हवी, म्हणून वहीही ठेवली. दर सोमवारी चहाबरोबर घरचं एक पान. घरात माणसं दोन. मी गमतीने म्हणायचो, काल लोकरीच्या नमुन्यांवर बराच वेळ गेला वाटतं. ती म्हणायची, बघा, बघा, तुम्हाला दुसरं काम काय! मला ती गंमत वाटायची. तिलाही वाटत असेल असं मी धरून चाललो होतो.

तीन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी त्या पानावर चार नवी नावं होती. दोन त्या आजाराची माहिती देणाऱ्या जागांची, एक रुग्णालयाचं, आणि चौथं एका संस्थेचं. घरच्या माणसांना अशी बातमी कशी सांगावी यासाठी ती संस्था मदत करते. ते नाव तीन दिवसांत पाच वेळा होतं. यादीत फक्त नाव दिसतं, आत कोणतं पान वाचलं ते दिसत नाही. मला नाव पुरलं. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी पानाची घडी घालून खिशात ठेवली.

त्या वेळी मी सरळ आत जाऊन तिच्याशेजारी उभा राहायला हवं होतं. मी गॅलरीत गेलो आणि तुझ्या मावशीला फोन केला. ती त्याच रुग्णालयात नर्स, तिने खटपट करून शुक्रवारची वेळ मिळवली. बुधवारी मी आईला म्हणालो, शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. ती म्हणाली, का, तुम्हाला काय झालं? मी खिशातलं पान काढून टेबलावर ठेवलं. तिने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. लाल खुणासुद्धा बोट ठेवून पाहिल्या. मग म्हणाली, हे कोणाला कधी सांगायचं त्याचा दिवस मी ठरवला होता, तो तुम्ही घेतलात. आवाज चढवला नाही. उठून वाळलेले कपडे आणले आणि घड्या घालायला लागली. तो विषय तिने माझ्यापाशी पुन्हा कधीच काढला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. गुरुवारी मावशीचा तुला फोन आला. तू तेव्हा परगावच्या कंपनीत, यंत्रांच्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत उभी होतीस. नीट ऐकू येईना म्हणून तू मावशीला तो शब्द पुन्हा म्हणायला लावलास, आणि तिने तो ओरडून म्हटला. आईचा आजार तुला असा कळला. मावशीचा दोष नाही. तुला माहीत असेलच असं ती समजली, आणि तिला तसं समजू दिलं मी. शनिवारी तू घरी आलीस. चप्पलही न काढता स्वयंपाकघरात गेलीस आणि म्हणालीस, बाबांना सांगितलंस, मावशीला सांगितलंस, आणि मी कोण? शेजारीण? आई म्हणाली, चुकलं गं माझं.

मी दारात उभा होतो, हातात फडकं आणि एक ताटली. ती ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तरी मी पुसत होतो. तुझ्या डोक्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी बोलेन का, एवढंच ती बघत होती. मी बोललो नाही. मग तिने तुला जवळ घेतलं, आणि माझी चूक तिच्या नावावर कायमची लागली.

त्यानंतर वीस महिने तू तिचं जे केलंस ते मी पाहिलं आहे. नोकरी सोडून इथे आलीस, माझ्याच जागेवर रुजू झालीस, सकाळी तिचे केस विंचरून कामावर जायचीस. पण तो सल राहिला. अगदी शेवटच्या आठवड्यात औषध बदललेलं तुला उशिरा कळलं, तर तू पटकन म्हणालीस, मला काय, सगळं शेवटीच कळतं. आईने डोळे मिटून घेतले. मी शेजारच्या खुर्चीत होतो. तेव्हाही गप्प बसलो.

त्या शुक्रवारी डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आलात. ते वाक्य मी घड्याळाशेजारी पदक टांगावं तसं मनात टांगून ठेवलं. यादी वाचली म्हणून वेळेवर गेलो, म्हणून तिला वीस महिने मिळाले, असा माझा हिशेब. म्हणून गेल्या वर्षी तू पहिल्यांदा हा प्रस्ताव आणलास आणि प्राचार्यांनी मला फोन करून विचारलं, तेव्हा मी म्हणालो की हे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखं आहे. ते वाक्य इतिवृत्तात गेलं आणि तुझा प्रस्ताव बारगळला. तू तीन आठवडे माझ्याशी फक्त गोळ्यांबद्दल बोललीस. तुला वाटलं असेल, बाबांना आपलं जुनं काम मोडलेलं सोसत नाही. तसं नव्हतं. वही ठेवणं चूक असं एकदा मान्य केलं असतं तर पुढचं सगळंच मान्य करावं लागलं असतं. घरची वही मी त्या बुधवारीच बंद केली होती, आणि तुझ्या कॉलेजची मात्र चालू ठेवायला सांगत होतो. असा हा तुझा बाप.

या गुरुवारी बैठकीत तू वर्षभराने तिथेच पुन्हा उभी राहिलीस, माझ्याच वाक्याला उत्तर दिलंस, आणि ते वाक्य कोणाचं हे एकदाही उच्चारलं नाहीस. पहारेकऱ्याने दारावर नजर ठेवावी, लोकांच्या खिशात घालू नये, एवढंच म्हणालीस. मी होतो तिथेच बसून होतो, पण मला वाटलं, हिची आई हे ऐकायला हवी होती. ती शेजारी असती तर मला कोपराने ढोसून म्हणाली असती, बघा, आहे की नाही माझी? आणि मी भांडलोही नसतो. तुझा धीर तिचा आहे. माझ्याकडून तू फक्त तारा ओळखायला शिकलीस.

आता पत्र कशासाठी ते. आई गेल्यावर तिची पर्स तशीच पडून होती, ती मी काही महिन्यांपूर्वी आवरली, त्यात तिची तळहाताएवढी डायरी होती. तुला ती दाखवली नाही. त्या आठवड्याचं पान कापून या पाकिटात ठेवलं आहे, तिचं अक्षर तू ओळखशील. त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी तू सुट्टीवर येणार होतीस. रविवारपुढे लिहिलं आहे, ठकू, जेवण झाल्यावर, समोर बसून. मंगळवारपुढे, डॉक्टर साडेदहा, ठकूला बरोबर नेणे. आणि बुधवारपुढे फक्त, ह्यांना. म्हणजे डॉक्टरांची वेळ तिने स्वतःच घेतली होती. माझ्या यादीने वाचवले ते चार दिवस. त्या चार दिवसांच्या बदल्यात तुझा रविवार गेला. मी तिसरा होतो, डॉक्टरांच्याही मागे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, तिने नंबर बरोबर लावले होते. तू तिच्यावर रागावलीस तेव्हा तिला खरं सांगता आलं असतं. तिने ते माझ्यासाठी पोटात ठेवलं आणि मी ठेवू दिलं. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागव, दोन गल्ल्यांवर तर आहेस. पण आईवरचा राग आजपासून सोड. ती सर्वांत आधी तुलाच सांगणार होती.

तुझाच,
मागच्या बाकावरचा
बाबा